वाचकांचे प्रश्न : वरच्या मजल्यावरचं वाय-फाय

प्रश्न : शिवाजी पेठेत आमचं दुमजली घर आहे. फायबरचा बॉक्स खाली, ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारं यंत्र) वर. वर जवळ प्लग नव्हता म्हणून सीसीटीव्हीवाल्याने पीओईची (पॉवर ओव्हर इथरनेट) जोडी लावून २० मीटर नेट केबलमधूनच १२ व्होल्टचा सप्लाय वर नेला. संध्याकाळी सगळे घरी आले की वरचं वाय-फाय जातं आणि दोनेक मिनिटांनी आपोआप येतं. खाली तेव्हा नेट व्यवस्थित चालू असतं. कंपनीचा माणूस 'लाइन ओके' म्हणून जातो; शेजारी म्हणतात, दगडी भिंतींमुळे होतं. ॲक्सेस पॉइंट बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. दगडी भिंत सिग्नल कमी करते, पण ती कमजोरी दिवसभर सारखीच राहते. दोन मिनिटं गायब होऊन परत येणं म्हणजे ॲक्सेस पॉइंट बंद पडून पुन्हा सुरू होतोय. खात्री करायची तर त्याच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम', म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते, बघा. महिनोन् महिने न बंद केलेलं यंत्र तिथे 'चाळीस मिनिटं' दाखवत असेल, तर दोष बहुधा सप्लायचा आहे, वाय-फायचा नाही.

पाकिटावर पीओई लिहिलेलं असलं तरी ही स्वस्तातली जोडी फक्त केबलमधल्या रिकाम्या चार तारांवर (४-५ आणि ७-८) अ‍ॅडॅप्टरचे १२ व्होल्ट चढवते आणि वर उतरवून घेते. नेट केबलची तार २४ गेजची, म्हणजे बारीक. दोन तारा जाताना, दोन येताना धरल्या तर २० मीटरला साधारण १.७ ओहम रोध होतो. दुपारी ॲक्सेस पॉइंट निवांत असताना ०.४ अँपिअर ओढतो, तेव्हा पाऊण व्होल्टही जात नाही. संध्याकाळी दोन्ही बँडवर (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) ट्रॅफिक वाढला की हेच १ अँपिअरपर्यंत जातं आणि वर जेमतेम १०.३ व्होल्ट पोचतात. ही झाली शुद्ध तांब्याची गोष्ट. केबल सीसीए असेल, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तर रोध दीडपट धरा. साडेनऊ व्होल्टच उरतात. तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की सीसीए.

तपासणी सोपी आहे. जोडी काढून टाका, अ‍ॅडॅप्टर एक्स्टेंशन बोर्ड लावून वरच्या मजल्यावरच जोडा आणि केबल फक्त नेटसाठी ठेवा. दोन संध्याकाळी सुरळीत गेल्या तर कारण सापडलं. मग वर कायमचा प्लग काढून घेणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. लाइट गेल्यावरही वाय-फाय हवं असेल तर तिथे १२ व्होल्ट २ अँपिअरचा छोटा राउटर यूपीएस बसतो. मात्र खालच्या फायबर बॉक्सलाही वेगळा लागेल.

वायरिंग नकोच असेल, तर ८०२.३एएफ (पीओईचं ठरलेलं मानक) प्रकारचा, केबलमध्ये ४८ व्होल्ट घालणारा इंजेक्टर खाली आणि ४८चे १२ करणारा ॲक्टिव्ह स्प्लिटर वर घ्या. व्होल्टेज चौपट झालं की करंट चौथाई होतो, त्यामुळे तांब्याच्या केबलवर घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. आत्ताच्या जोडीवर मात्र ४८ व्होल्ट चढवू नका, ॲक्सेस पॉइंट जळेल.

केबल गच्चीवरून आली असेल तर पावसाळ्याआधी दोन्ही टोकांचे आरजे-४५ प्लग बघून घ्या. पिना हिरवट झाल्या असतील तर टोक कापून नवीन क्रिंप करा. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. कोल्हापूरच्या पावसात हा झोळ विसरून चालत नाही.

प्रश्न : रुईकर कॉलनीतल्या घरी जुना राउटर वर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलाय. मोबाइल 'कनेक्टेड' दाखवतो, पण नेट नसतं. फ्लाइट मोड चालू-बंद केला की कधी येतं, कधी नाही.

उत्तर : घरात दोन यंत्रं मोबाइल-लॅपटॉपना पत्ते (आयपी ॲड्रेस) वाटतायत. जुन्या राउटरचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारा भाग, चालू राहिलाय, आणि बहुधा दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे. ज्या मोबाइलला जुना राउटर आधी उत्तर देतो, तो नेटसाठी त्याच्याच दारात जाऊन थांबतो. जुना राउटर लॅपटॉपला एकटाच जोडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि मग डीएचसीपी बंद करा. (उलट क्रमाने केलंत तर सेटिंगचं पान उघडायला लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागेल.) खालून आलेली केबल वॅनच्या (WAN) पोर्टमध्ये नाही, लॅनच्या (LAN) पोर्टमध्ये घाला. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल खाली १, वर ११, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर बरंचसं काम तोच करतो, पण चॅनेल 'ऑटो'वर सोडू नका.

प्रश्न : उजळाईवाडीत राहतो. वाय-फायचं ५ गिगाहर्ट्झवालं नाव अधूनमधून यादीतूनच नाहीसं होतं, मिनिटभराने येतं. २.४वालं कधीच जात नाही. विमानतळ जवळ आहे, त्याचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून वापरायची असतात. रडारचा सिग्नल जाणवला की राउटरने ते चॅनेल सोडायचं, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी ६० सेकंद गप्प राहून कानोसा घ्यायचा, असा नियम आहे. तुमचं मिनिट ते हेच. प्रत्येक वेळी खरंच रडार असतं असं नाही, काही राउटर भलत्याच सिग्नललाही दचकतात. 'ऑटो' काढून चॅनेल ३६ किंवा १४९ कायम करा आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा. १६० ठेवलीत तर ३६पासून सुरू होणारा पट्टा ६४पर्यंत पसरतो आणि तोच त्रास पुन्हा सुरू होतो.