बॅटमॅनची कॉमिक्स कुठून वाचायला सुरू करू म्हणतोस?

अरे, पहिल्या अंकापासून तर मुळीच नको. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. सगळं वाचायला बसलास तर निपाणीचा तंबाखू संपेल, यांची गोष्ट संपायची नाही.

'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' धर. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला; लेखन स्कॉट स्नायडरचं, चित्रं निक ड्रॅगोटाची. मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. यातला ब्रूस, म्हणजे खुद्द बॅटमॅन, कोट्यधीश नाही, आई जिवंत आहे, आणि अंगानं असा की आनंदवाडीच्या कुस्तीच्या आखाड्यात खुशाल उतरवावा. मारामारी मला जरा जास्तच वाटते. पण एरवीचे खलनायक इथे त्याचे बालमित्र आहेत, तो धागा बघ की, काय जमलाय!

स्पायडरमॅनची मूळ मालिका सध्या सोड. २००७ मध्ये सैतानाशी सौदा करून पीटरचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, लग्नच पुसून टाकलं, तो राग माझा अजून गेलेला नाही.

सुटे अंक घेऊ नकोस, वीसेक पानं दहा मिनिटांत संपतात. पाच-सहा अंकांचा एकत्र खंड मागव. बाबा ओरडले तर त्यांच्या वेळच्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचं नाव काढ, गप्प होतात बघ.