उन्हाळ्यातील मेजवानी आणि बर्बन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. जुलै महिन्यात घरामागच्या अंगणात वीसेक मराठी मित्रमंडळींना संध्याकाळी जेवायला बोलावले आहे. त्यांपैकी अनेकांना बर्बन ही अमेरिकी व्हिस्की आवडते, परंतु त्या दिवसांत ती जड वाटते. शिवाय प्रत्येकासाठी वेगळा ग्लास तयार करीत बसले तर पाहुण्यांशी दोन शब्द बोलणेही होत नाही. आधी करून ठेवता येईल असे एखादे थंड पेय कृपया सुचवावे.
– एक वाचिका, एडिसन

उत्तर : बर्बन मुळात उष्ण प्रदेशातली आहे. तिचे घर असलेल्या केंटकी राज्यात उन्हाळ्यात पारा तिशीच्या पुढे जातो, हवा दमट असते, आणि तिथली माणसे त्याच हवेत बर्बन पीत आली आहेत. म्हणजे उन्हाळ्याचे आणि बर्बनचे मुळीच वैर नाही. चाळीस ते पन्नास टक्के मद्यार्क असलेले पेय पाण्याविना घेतले तर ते उकाड्यात घशाला बोचते आणि लवकर नको वाटू लागते. तेच दहा-बारा टक्क्यांवर आणून गार केले आणि त्याला लिंबाच्या आंबटपणाची जोड दिली, तर ओकच्या पिंपातून तिच्यात उतरलेला व्हॅनिलासारखा गोडसर वास छान पुढे येतो. म्हणून यजमानांनी बाटली कोणती आणावी याचा विचार करण्यापूर्वी पाणी आणि बर्फ यांचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

एका ग्लासाचे कॉकटेल शेकरमध्ये बर्फ घालून हलवतात तेव्हा ते गार तर होतेच, पण वितळलेल्या बर्फाचे पाणीही त्यात मिसळते, आणि हे पाणी तयार पेयाच्या साधारण पाव हिश्श्याएवढे भरते. मोठ्या जारमध्ये केलेले मिश्रण कोणी शेकरमध्ये हलवत नाही. त्यामुळे तेवढे पाणी आपणच मोजून घालावे लागते, आणि घरगुती मेजवानीत नेमके तेच राहून जाते. मी आपल्याला साध्या पाण्याऐवजी कोरा चहा घालण्याची शिफारस करीन. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत थंड चहा हे घरोघरचे उन्हाळी पेय आहे आणि बर्बनशी त्याचे चांगले जमते, कारण चहातला तुरटपणा आणि पिंपाच्या लाकडातला तुरटपणा हे दोन्ही टॅनिन या तुरट द्रव्यामुळेच असतात. लिंबू, मध आणि बर्बन हे त्रिकूटही सिद्ध झालेले आहे. न्यूयॉर्कच्या ‘मिल्क अँड हनी’ या बारमध्ये या शतकाच्या आरंभी ते ‘गोल्ड रश’ या नावाने पुढे आले आणि आज जगभरच्या बारमध्ये मिळते.

वीस ग्लासांसाठी ९०० मिलिलिटर बर्बन, ४०० मिलिलिटर लिंबाचा रस, ४०० मिलिलिटर मधाचे पाणी आणि १.२ लिटर कोरा चहा घ्यावा. मधाच्या पाण्यासाठी २५० मिलिलिटर मधात १५० मिलिलिटर कोमट पाणी कालवावे, कारण घट्ट मध गार मिश्रणात विरघळत नाही आणि जारच्या तळाशी बसतो. चहा आपल्या नेहमीच्या सवयीने उकळू नये. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात आसामची पत्ती चार मिनिटे ठेवून गाळून घ्यावी आणि चहा फ्रिजमध्ये घालण्यापूर्वी पूर्ण निवू द्यावा, म्हणजे तो गढूळ होण्याचा संभव कमी होतो. तिथे मिळणाऱ्या मोठ्या पिवळ्या लिंबांतून प्रत्येकी ४० ते ४५ मिलिलिटर रस निघतो, म्हणजे दहा लिंबे पुरेशी होतात. पिळण्यापूर्वी त्यांची साल पातळ सोलून दोन चमचे साखरेत तासभर चुरून ठेवावी. साखर सालीतले सुगंधी तेल ओढून घेते आणि ही साखर मिश्रणात विरघळवली की लिंबाचा वास रसाच्या कितीतरी पुढे जातो. या एका तासाच्या कामाने पेयात जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बाटलीने पडत नाही.

बर्बन, मधाचे पाणी आणि चहा हे आदल्या रात्री एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवता येतील. लिंबाचा रस मात्र त्याच दिवशी, शक्यतो पाहुणे येण्याच्या दोन-तीन तास आधी काढावा, कारण शिळ्या रसाचा ताजेपणा जाऊन त्याला कडवट छटा येते. चाळीस टक्क्यांची बर्बन धरली तर या मिश्रणात सुमारे साडेबारा टक्के मद्यार्क राहतो, म्हणजे ते साधारण वाइनएवढे तीव्र होते, आणि ग्लासातल्या बर्फावर ओतल्यावर आणखी सौम्य होते. एका ग्लासात ४५ मिलिलिटर बर्बन जाते व तिच्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. अमेरिकेत ‘एक प्रमाणित पेय’ म्हणून हेच माप धरले जाते. पाहुण्यांना गाडी चालवत परतायचे असेल तर हा हिशेब त्यांना आधी सांगून ठेवणे हे यजमानांचे कर्तव्य आहे. गोड आणि गार पेयात मद्याची जाणीव कमी होते आणि दुसरा-तिसरा ग्लास नकळत संपतो.

बर्फाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. उघड्यावरच्या मेजवानीत माणशी पाऊण किलो बर्फ लागतो असे धरावे. त्यातला निम्मा ग्लासांसाठी आणि निम्मा जार व पाण्याच्या बाटल्या गार ठेवण्यासाठी खर्च होतो. एका स्टीलच्या डब्यात पाणी भरून आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवले की मोठी लादी तयार होते. ही लादी जारमध्ये सोडली तर ती लहान चौकोनांपेक्षा फार सावकाश विरघळते, आणि तासाभरानंतरही पेय पाणचट होत नाही. मिश्रण स्वतः आधीच गार असणे मात्र आवश्यक आहे. कोमट मिश्रणात बर्फ टाकला तर तो भराभर वितळतो आणि पेय पाणचट होते.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्याकडच्या अशा मेळाव्यांत आजी-आजोबा, मुले आणि न पिणारी मंडळी असतात, आणि त्यांच्यापुढे कोकाकोलाचे डबे ठेवून यजमान मोकळे होतात. तसे करू नये. हाच चहा, हाच मध आणि हेच लिंबू बर्बनऐवजी आल्याचा रस घातलेल्या पाण्याने पूर्ण करावे आणि तेवढ्याच आस्थेने पुढे ठेवावे. दोन्ही पेये दिसायला सारखी असल्यामुळे जार वेगळ्या आकाराचे घ्यावेत, त्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी आणि बर्बनचा जार मुलांच्या हाताला न लागेल अशा उंच मेजावर ठेवावा. उन्हात शरीरातले पाणी घामावाटे जात असते आणि मद्यामुळे लघवीचे प्रमाण वाढून ते आणखी कमी होते. म्हणून साधे पाणी पाहुण्यांना मागावे लागू नये, ते समोरच असावे.

प्रश्न : केंटकीतल्या लुईव्हिलच्या एका हॉटेलात मी मिंट ज्युलेप हे बर्बन-पुदिन्याचे पेय प्यालो. पेला बर्फाने पांढरा झालेला होता आणि पेय अतिशय ताजे लागत होते. घरी करतो तेव्हा मात्र ते कडू आणि हिरवट लागते. काय चुकत असावे?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : आपण पुदिना वाटत असणार. पुदिन्याचा सुगंध पानांच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतो आणि तो सुटायला हलका दाब पुरतो. चटणीसाठी करतो तसा तो रगडला की पानाच्या आतला कडवट, गवतासारखा रस बाहेर येतो. आठ-दहा पाने पेल्यात घालून १० ते १५ मिलिलिटर साखरेच्या पातळ पाकाबरोबर चमच्याच्या पाठीने दोन-तीन वेळा अलगद दाबावीत, त्यावर ६० मिलिलिटर बर्बन ओतावी आणि पेला बारीक कुटलेल्या बर्फाने शीग येईपर्यंत भरावा. स्वच्छ पंचात बर्फ बांधून तो लाटण्याने कुटला तरी चालतो. मग लांब चमच्याने ढवळावे, खाली बसलेल्या बर्फावर पुन्हा बर्फ घालावा आणि पुदिन्याची एक मोठी जुडी तळहातावर आपटून वर खोचावी. पेयाचा अर्धा आनंद या जुडीच्या वासात आहे, त्यामुळे स्ट्रॉ आखूड असावा आणि पिताना नाक जुडीपाशी यावे.

पेला धातूचा हवा. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते, त्यामुळे कुटलेल्या बर्फाने पेल्याची बाहेरची बाजू गोठणबिंदूखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर पांढऱ्या थराच्या रूपाने जमते. आपल्याकडचा साधा स्टीलचा पेलाही हे काम करतो, फक्त काहीसे मंदपणे. पेला काठाशी किंवा बुडाशी धरावा. मधोमध धरल्यास हाताच्या उबेने तो थर जातो.

कुटलेला बर्फ भरभर विरघळतो, म्हणून ज्युलेपसाठी जरा तीव्र बर्बन निवडावी. ज्या बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे लिहिलेले असते ती मला यासाठी सर्वांत योग्य वाटते. १८९७ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काची असावी लागते. आपल्याला हेही ठाऊक असेल की १८७५ पासून चालत आलेली केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिलच्या चर्चिल डाउन्स मैदानावर होते आणि ज्युलेप हे तिचे मानाचे पेय आहे. घरी मात्र हे पेय चार-पाच जणांपुरतेच करावे. एका पेल्यात जवळजवळ पावणेदोन प्रमाणित पेयांइतका मद्यार्क असतो आणि प्रत्येक पेला स्वतंत्रपणे भरावा लागतो. वीस जणांसाठी ज्युलेप करायला घेतला तर यजमानांची संध्याकाळ बर्फ कुटण्यातच जाईल.

प्रश्न : पुण्यात बर्बन महाग पडते. तिच्याऐवजी ब्लेंडेड स्कॉच वापरून हीच पेये केल्यास चव बिघडेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चव निश्चितच बदलेल, आणि त्याचे कारण दोन्ही पेयांच्या कायद्यांतच आहे. बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. मक्याचा गोडवा आणि नव्या, जळक्या लाकडातून उतरलेले, व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन यांमुळे लिंबू, मध, पुदिना आणि पीच यांच्याशी तिचे सहज जुळते. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपांत मुरते. त्यांतली पुष्कळशी पिंपे बर्बनचीच असतात, कारण अमेरिकेत बर्बनसाठी ती पुन्हा वापरता येत नाहीत. त्यामुळे स्कॉचमध्ये लाकडाचा गोडवा कमी असतो, आणि तिच्यात पीटचा (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाचा) धूर असेल तर तो मधाला झाकून टाकतो. धुराचा वास नसलेली हलकी स्कॉच घेऊन मध थोडा वाढवल्यास चहाचे पेय उत्तम होईल, ज्युलेप मात्र होणार नाही. बर्बन केंटकीतच गाळलेली असली पाहिजे असा नियम नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या इतर राज्यांची बर्बन स्वस्त मिळाल्यास ती निःशंकपणे घ्यावी. २०२५ च्या फेब्रुवारीत भारताने बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, तरीही ती आपल्या बाजारात महागच आहे. म्हणून लिंबू-मधाच्या पेयात जुनी, नामांकित बाटली रिती करू नये. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो, हेही पाहुणे बोलावताना लक्षात असावे.

प्रश्न : व्हिस्की सावरमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घालतात. आमच्याकडे शाकाहारी पाहुणे असतात. त्यांच्यासाठी काय करावे?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : काबुली चणे शिजवून उरलेले पाणी घ्यावे, हलवल्यावर त्यालाही अंड्याच्या बलकासारखाच फेस येतो. एका ग्लासाला २५ ते ३० मिलिलिटर पुरते. चणे शिजवताना मीठ किंवा सोडा घालू नये आणि पाणी पातळ वाटल्यास थोडे आटवावे. ६० मिलिलिटर बर्बन, २५ मिलिलिटर लिंबाचा रस, २० मिलिलिटर पाक आणि हे पाणी प्रथम बर्फाविना जोरात हलवावे, मग बर्फ घालून पुन्हा हलवावे आणि गाळावे. चण्याचा वास लपवण्यासाठी वर जायफळ किसावे. गर्भवती स्त्रिया मद्य घेणारच नाहीत. परंतु वृद्ध पाहुण्यांनाही कच्चे अंडे देऊ नये, त्यामुळे हा पर्याय सर्वांसाठीच बरा.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये भारतीय दुकानांत कैऱ्या आणि कोकम दोन्ही मिळतात. त्यांचा बर्बनशी मेळ बसेल का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : कैरीचा फार चांगला बसेल. उकडलेल्या कैरीच्या गरात गूळ आणि वेलदोडा घालून केलेल्या पन्ह्यात आंबटपणा, गोडवा आणि सुगंध हे तिन्ही आधीच असल्याने वेगळे लिंबू किंवा पाक लागत नाही, आणि गुळाचा खमंगपणा जळक्या ओकच्या वासाला जवळचा आहे. पाणी न घातलेले दाट पन्हे ६० मिलिलिटर आणि बर्बन ४५ मिलिलिटर बर्फासह हलवून उंच ग्लासात गाळावे आणि त्यावर १०० मिलिलिटर गार सोडा ओतावा. मीठ अगदी चिमूटभर घालावे. केशर घालू नये, बर्बनपुढे त्याचा वास टिकत नाही. कोकमासाठी गोड सरबताचा अर्क वापरावा. आगळ खारट असतो आणि त्याने पेय बिघडते. ३० मिलिलिटर अर्काला ४५ मिलिलिटर बर्बन आणि वरून जिंजर बिअर हे आल्याचे फसफसणारे पेय, असे प्रमाण मला रुचते. सोलकढीत मात्र बर्बन मिसळू नये. नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आणि लसणाचा वास यांच्याशी तिचे काही केल्या जुळत नाही, आणि सोलकढीची जागा पेयपानानंतर वाढल्या जाणाऱ्या भाताबरोबरच आहे.