छोट्या टेबल सॉचं (टेबलात बसवलेल्या गोल करवतीचं) टेबल आणि फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी) वाढवता येईल का? फेन्स पात्यापासून फूटभरच लांब जाते, मला प्लायच्या २ फुटी पट्ट्या कापायच्यात.

येतं. उजवीकडे १८ मिमी प्लायचा पंख, म्हणजे टेबलाला जोडफळी, लावा, वर सनमायका, खाली कडेला उभी पट्टी, म्हणजे झोल पडणार नाही. बोल्टची भोकं लांबट ठेवा, पातळी जुळवायला बरं पडतं. लांब सरळ पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. पंखाच्या टोकाला पाय हवाच, नाहीतर अख्खं मशीन कलंडेल.

खरी गोम फेन्समध्ये आहे. फेन्स ज्यावर सरकते तो मूळ रूळ वाढवायच्या भानगडीत मी पडलो नाही. पुण्याच्या बोहरी आळीतून अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणला आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प मारले. मात्र प्रत्येक वेळी मापावं लागतं: प्लग काढा, पात्याच्या एका दाताला खूण करा, तो पुढे आणून फेन्सपर्यंत मापा, मग तोच दात हाताने मागे फिरवून पुन्हा मापा. दोन्ही मापं सारखी हवीत. मागे केसभर जास्त चालेल, कमी अजिबात नको. लाकूड पात्यात दाबलं जाऊन अंगावर उसळतं. रायव्हिंग नाइफ (पात्यामागची उभी पातळ पट्टी) काढू नका.

४ फुटी ताव मधोमध कापला तर १२२० मिमीचे ६१० आणि ६१० होत नाहीत, पात्याची जाडी वजा होते. माझं एक कपाट त्यातच फसलं.

पूर्ण ८ × ४ चा ताव मात्र यावर चढवू नका. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधूनच अर्धा कापून आणा.