लाइपझिगच्या थॉमस चर्चमधल्या कॉयर आणि ऑर्गनच्या कार्यक्रमांना जावं का, आणि सुरुवात कशाने करावी?

जा की बिनधास्त. तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी ठाण्याहून लाइपझिगला आलोय, ख्रिश्चन नाही, वेस्टर्न म्युझिकचा गंध नाही, तर चर्चच्या वर्षभराच्या कार्यक्रमांना जाऊन काय पदरात पडेल. धर्माचं एका ओळीत सांगतो, दारात कोणी विचारत नाही, कार्यक्रमपत्रिकेचे थोडेसे पैसे द्या आणि आत जाऊन बसा. मी कंपनीच्या कामासाठी तिकडे राहून आलोय, आता परत ठाण्यात, पाचपाखाडीत.

सुरुवात शनिवारच्या मोटेटने करा, म्हणजे दर आठवड्याला होणारी कॉयरच्या (गायकवृंदाच्या) गाण्याची उपासना. शुक्रवारी संध्याकाळी 6 आणि शनिवारी दुपारी 3 अशा याच्या ठरलेल्या वेळा आहेत, शनिवारी बऱ्याचदा अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचा एखादा कॅन्टाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची धार्मिक रचना) असतो आणि साथीला शहरातल्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचे वादक, तासा-सव्वा तासात सगळं आटपतं. फक्त कॉयरमध्ये गाणाऱ्या मुलांच्या शाळेला सुट्टी असेल तर त्यांच्याऐवजी पाहुणे कॉयर गातात, म्हणून आधी वेळापत्रक बघून घ्या. आणि ही उपासना असते हे लक्षात ठेवा, मधे प्रार्थना होते, पाद्री थोडं बोलतात, एखादं गीत सगळे मिळून गातात. टाळ्यांचं शेजारचे करतील तसं करायचं, गाण्यातली एखादी जागा आवडली की आपल्या तोंडून जे 'क्या बात है' निघतं ते मात्र गिळायचं.

हा मुलांचा कॉयर 1212 सालचा आहे. बाख 1723 पासून 1750 मध्ये वारला तोपर्यंत इथेच कँटर होता, म्हणजे कॉयर सांभाळायचा, मुलांना शिकवायचा आणि सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवा कॅन्टाटा लिहून उभा करायचा. आता गंमत अशी की कॉयर गातो मागच्या बाजूच्या सज्जातून. आपल्याला ठाण्याच्या गडकरी रंगायतनला बसून गाणाऱ्याचा चेहरा, हात, तबलजीकडे टाकलेली नजर हे सगळं बघत ऐकायची सवय, इथे तुमच्या पुढ्यात वेदी आणि तिच्या अलीकडे जमिनीत बाखची कबर, ही कबर 1950 पासून इथे आहे, आणि आवाज येतो डोक्याच्या मागून वरून. सुरुवातीला लोक माना वळवतात, मग सोडून देतात.

खरी अडचण पुढे आहे. आपला कान एका सुरावटीचा, आणि इथे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या वाटांनी चाललेले, त्यामुळे पहिल्यांदा नुसता गलका वाटतो. सगळं पकडायला जाऊ नका, सर्वात खालचा आवाज, बेस, तेवढा धरून बसा, तो कुठे थांबतो आणि कुठे वळतो ते कळायला लागलं की वरचे तिघं आपोआप वेगळे ऐकू येतात. माझ्यापुरता तरी हा उपाय चालला.

ऑर्गनचं म्हणाल तर संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन डोक्यात असेल तर तो बाजूला ठेवा. त्यात पेटीसारख्या रीड असतात, इथे प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी, काही लाकडाच्या, बऱ्याचशा कथील-शिशाच्या, आणि सर्वात मोठ्या दहा-पंधरा फुटांच्याही वर. पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, वादक नळ्यांचे वेगवेगळे संच चालू-बंद करतो, आणि खर्जाची सुरावट पायांनी वाजवतो, नुसता ठेका नाही, अख्खी धावती सुरावट. थॉमस चर्चमध्ये असे दोन ऑर्गन आहेत, मागचा झाउअर नावाच्या कारागिराने बांधलेला 1889 चा, भरदार आवाजाचा, आणि बाजूच्या सज्जातला 2000 सालचा, खास बाखसाठी बांधलेला. याच चर्चमध्ये संगीतकार मेंडेल्सझोनने 1840 मध्ये बाखच्या स्मारकासाठी पैसे उभे करायला एकट्याने ऑर्गनचा कार्यक्रम केला होता. तरी नुसत्या ऑर्गनची कॉन्सर्ट तिसरी-चौथी ठेवा, शब्द आणि माणसाचा आवाज नसला की नवख्याला लांबण लागते.

डिसेंबरमध्ये बाखचा ख्रिसमस ओरेटोरिओ, म्हणजे येशूच्या जन्माची गाण्यातून सांगितलेली कथा, चुकवू नका. त्याचे सहा भाग, 1734 च्या नाताळपासून 6 जानेवारीपर्यंत सहा वेगळ्या दिवशी पहिल्यांदा झाले, आजकाल एका संध्याकाळी बहुतेक पहिले तीन करतात. सुरुवातच टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) ठोक्यांनी होते, झोप लागायचा प्रश्न नाही. काही जण तुम्हाला थेट गुड फ्रायडेच्या मॅथ्यू पॅशनला, म्हणजे येशूच्या मरणाच्या कथेवरच्या बाखच्या मोठ्या रचनेला, जा म्हणतील, दोन कॉयर, दोन ऑर्केस्ट्रा, पावणेतीन तास, माझ्या मते ते दुसऱ्या वर्षी, आणि तेही जर्मन मजकूर आधी वाचून. जूनमधल्या बाखफेस्टला, म्हणजे बाखच्या संगीताच्या महोत्सवाला, जगभरातून गर्दी लोटते, तेव्हा त्याची आणि ओरेटोरिओची तिकिटं महिनोन् महिने आधी काढा. मोटेटला मात्र नुसतं लवकर जाऊन बसायचं, आणि थंडीत जॅकेट अंगावरच ठेवा, दगडी चर्च आहे.