‘राखेतून आता काय उठणार?’

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण बोचतोय तो मामांचा. आईच्या इच्छेप्रमाणे तुम्ही तिला विद्युतदाहिनीत नेलंत आणि घरी परतल्यावर भरल्या घरात मामा म्हणाले, “राखेतून आता काय उठणार?” कुणी काही बोललं नाही, आणि तेव्हापासून तुला झोप नाही. आधी त्याचंच बघू.

हा प्रश्न मामांच्या आधी दुसऱ्याच लोकांनी विचारलाय. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियॉन शहरात ख्रिस्ती लोकांचा फार छळ झाला. मारलेल्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. का, तर हे लोक पुनरुत्थानाच्या, म्हणजे मेलेले देहासह पुन्हा उठतील या भरवशावर मरणाला भीत नाहीत. राखही उरली नाही तर बघू कसे उठतात! मागे राहिलेल्यांनी ही हकिकत पत्रात लिहून आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना कळवली. मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस, त्याने ती आपल्या इतिहासात उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. नदीत राख गेली म्हणून आशा गेली, असं त्या पत्रात कुठेही नाही. म्हणजे मामांचा प्रश्न मूळचा छळणाऱ्यांचा. (हे त्यांना सांगायला जाऊ नकोस.)

दफनाची रीत आपली आहे आणि मला ती आवडते. प्रभूलाही कबरीत ठेवलं होतं. पण मुंबईत कबरस्थानात जागेची काय रड आहे ते तुझ्या आईने पाहिलं होतं, आणि “मी जागा अडवणार नाही” हे ती माझ्यापाशी दोनदा तरी बोलली होती. रोमन कॅथलिक मंडळीनेही १९६३ साली दहनाला मोकळीक दिली. आणि पुरलेल्या देहाची तरी शेवटी मातीच होते ना? देवाला मातीतून उठवता येतं आणि राखेतून येत नाही, असला विश्वास मला तरी फार अशक्त वाटतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. “आत्मा देवाकडे गेला, मग देहाचं एवढं काय?” असं शेजारच्या काकांनी समजावलं, आणि तुला ते पटेना. पटू नयेच. दर रविवारी आपण उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली म्हणतो, त्यात शरीराचं पुनरुत्थान आहे. नुसता आत्मा तरंगत राहील, एवढंच सांगायचं असतं तर ईस्टरची कबर रिकामी असण्याची गरजच नव्हती. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, हे शुभवर्तमानात लूक मुद्दाम लिहितो. थोमाला त्याने हाताच्या खुणा दाखवल्या. खिळ्यांचे व्रण गेले नव्हते बघ. मला हे फार मोलाचं वाटतं. आयुष्याने माणसाच्या अंगावर जे कोरलं ते पुसून कुणी कोराच माणूस उठणार नाही.

तुझी आई म्हणजे तिचा आत्मा आणि वर एक अंगरखा, असं नव्हतंच कधी. जिना चढताना डावा गुडघा धरून “थांब रे जरा” म्हणायची ती. गायनाच्या पुस्तकात खूण म्हणून बसची तिकिटं ठेवायची, आणि अल्टो (बायकांचा खालचा सूर) गाताना भुवया वर जायच्या. तुला आठवण येते ती या आईची, आणि देवाने वचन दिलंय तेही याच आईबद्दल.

ती ओळखेल का, हेही तू विचारलंस. मग्दालीया मरीयेला बागेत उभा असलेला माणूस माळी वाटला. त्याने “मरीये” म्हटलं तेव्हा ती वळली. माझ्याकडे याहून जास्त पुरावा नाही, आणि मला जास्त लागतही नाही. नवं शरीर नेमकं कसं असेल, वय किती दिसेल, यात डोकं घालू नकोस. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीने असंच विचारलं तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना सरळ मूर्खात काढलं, आणि मग पेरलेल्या दाण्याचं उदाहरण दिलं. पेरताना नुसता दाणा असतो, पुढे उगवणारं अंग नसतं. आपल्या नगरकडची ज्वारी पाहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

रडण्याबद्दल मात्र मला जरा रागाने लिहायचंय. “ती प्रभूघरी गेली, रडतोस काय, साक्ष बिघडते” असं तुला म्हणणारी माणसं वाईट नाहीत, पण त्यांनी योहानाचा अकरावा अध्याय घाईत वाचलाय. बेथानीत लाजर मेला, चार दिवस झाले. मार्था वाटेवर येऊन म्हणाली, “आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.” मागून तिची बहीण मरीया आली, तिचंही तेच वाक्य. एका घरात चार दिवस तेच बोलणं चाललं असणार. येशूने दोघींपैकी एकीलाही गप्प केलं नाही. मार्थेला त्याने सांगितलं, “पुनरुत्थान व जीवन मीच आहे.” मरीयेसमोर तो रडला. पुढच्या काही मिनिटांत लाजर बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. मग तुला कोण अडवतं?

थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद करू नका. लोक यातला शेवटचाच शब्द उचलतात. खेद करूच नका, असं तो म्हणत नाही. करिंथकरांना तर त्याने मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटलंय. शत्रूने घरात शिरून आईला नेलं आणि आपण हसून दार लावायचं, हा कुठला विश्वास? “देवाला तिची गरज होती” हे वाक्यही कानाआड कर. देवाची कामं आपल्या आया पळवल्यावाचून अडत नाहीत.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं उत्तम चाललं होतं. तुझ्याकडे तुमच्या मजल्यावरच्या ताई रोज पिठलं-भाकरी घेऊन येत होत्या आणि डबा ठेवून निमूट जात होत्या, असं तू लिहिलंस. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत, पण सांत्वन म्हणशील तर त्यांचंच.

आता थोडं रोजचं. चर्चमध्ये गाता येत नसेल तर गाऊ नकोस. मागच्या बाकावर बस, बाकीचे गातील. तू गप्प असताना तुझ्या वाटचं गाणं म्हणायला मंडळी असते. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं मोठ्याने वाच, ८८वंसुद्धा. त्याचा शेवट अंधारात होतो आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आईचं कपाट कुणाच्या घाईने आवरू नकोस. नोकरीवर मात्र जात राहा. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. मुक्ती मिशनचं, म्हणजे निराधार बायकामुलींच्या आश्रमाचं काम पुढे तिने सांभाळावं अशी आईची आशा होती. रमाबाई पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या, पण मधल्या काळात त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम टाकलं नाही. दुःख विसरण्यासाठी त्या कामात बुडाल्या असं मला वाटत नाही. ज्या वचनावर मुलीला निरोप दिला तेच त्या ओळीओळीने मराठीत उतरवत होत्या.

आणि मामा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, लियॉनची गोष्ट तर नकोच. त्यांची धाकटी बहीण गेलीय. पुरलेली असती तर दर ईस्टरच्या पहाटे तिच्या कबरीवर मेणबत्ती लावता आली असती. तेवढं हातचं गेलं म्हणून ते भांडताहेत. अस्थी आजोबांच्या कबरीत ठेवायचं ठरतंय ना? मग तो कलश मामांच्या हातात दे, आणि संगमरवरी पाटीवर काय लिहायचं तेही त्यांनाच विचार.

स्मरण-उपासनेला कुठली गीतं घ्यायची ते मला शुक्रवारपर्यंत कळव. पेटीवाल्यांना आधी सांगावं लागतं, आणि आईच्या आवडीची एक चाल त्यांना बसलेली नाही.

तुझी,
मावशी