तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांचा ऑनलाइन वाचनगट कसा सुरू करावा?

माणसे जमवण्याआधी ग्रंथ ठरवावा आणि तो आटोपशीर असावा, असे माझे ठाम मत आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची १६४१ सालची ‘मेडिटेशन्स’ मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते. तिच्यात सहाच चिंतने असल्याने आठवड्याला एक या गतीने दीड महिन्यात ग्रंथ पूर्ण होतो. शिवाय हॉब्ज, आर्नो, गासेंदी आदी समकालीन विचारवंतांनी घेतलेले आक्षेप आणि देकार्तने त्यांना दिलेली उत्तरे पहिल्या आवृत्तीपासूनच सोबत छापलेली असल्यामुळे चर्चेला चांगले प्रश्न आयते मिळतात.

बैठकीत निवडक उतारा मोठ्याने वाचावा. दुसऱ्या चिंतनातला मेणाचा तुकडा घ्या: पोळ्यातून नुकत्याच काढलेल्या त्या मेणाला मधाची चव आणि फुलांचा वास आहे, विस्तवाजवळ नेताच चव, वास, रंग, आकार सारेच पालटते, तरीही मेण तेच आहे असे आपण म्हणतो, ते नेमके कशाच्या आधारे? एवढ्या एका उताऱ्यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्यावा, कारण ग्रंथ उरकणे हा गटाचा हेतूच नव्हे.

झूम किंवा गूगल मीट, काहीही चालेल. सभासद आठ-दहाच ठेवावेत आणि वार व वेळ बदलू नये. प्रत्येकाकडे वेगळे भाषांतर असल्यास आदाम-तानेरी आवृत्तीच्या (देकार्तच्या समग्र लेखनाच्या प्रमाण आवृत्तीच्या) पृष्ठक्रमांकांनी संदर्भ द्यावेत. अनेक भाषांतरांच्या समासात ते छापलेले असतात.