वाचकांचे प्रश्न : मिश्रण समोर आलं की पद्धत कुठली?

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यात मराठी मीडियमला नववीत आहे. गाळणं, ऊर्ध्वपातन, संप्लवन सगळ्या व्याख्या पाठ आहेत, पण पेपरात वाळू, मीठ, कापूर आणि लोखंडाचा कीस एकत्र देऊन वेगळं करा म्हटलं की काही सुचतच नाही. आणि मीठ-पाण्याला बाष्पीभवन लिहायचं की ऊर्ध्वपातन?

उत्तर : आधी मीठ-पाणी. तुला शेवटी काय हवंय ते बघ. नुसतं मीठ हवं असेल तर आटव, पाणी वाफ होऊन गेलं तरी चालतंय. पाणीही हवं असेल तर ती वाफ थंड करून धरायला लागते, म्हणजे ऊर्ध्वपातन. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, म्हणून प्रश्नात काय मागितलंय ते नीट वाचायचं.

आता ते चौघांचं मिश्रण. प्रत्येकाचा असा एक गुण शोध जो बाकीच्यांत नाही: लोखंड चुंबकाला चिकटतं, कापूर तापवल्यावर वितळायची वाट न बघता वाफ होतो (हेच संप्लवन), मीठ पाण्यात विरघळतं आणि वाळूला यातलं काहीच होत नाही. मग क्रम. चुंबक मिश्रण कोरडं असतानाच फिरवायचा, कारण एकदा पाणी घातलं की कीस वाळूला चिकटून बसतो आणि गंजायलाही लागतो. नंतर कापूर तापवून काढायचा, तो पेट घेतो म्हणून हे लॅबमध्ये शिक्षकांसमोरच करायचं. मग पाणी घालून ढवळ, गाळ, वाळू वर राहिली, खालचं पाणी आटवलं की मीठ. पेपरात क्रमाबरोबर कारणही लिही, नुसत्या पद्धतींची नावं लिहून समजलंय हे दिसत नाही.

आणि पावसाळ्यात मलप्रभेचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून बघ, गढूळच राहतं, कारण मातीचे कण फडक्याच्या भोकांपेक्षा बारीक असतात. तुरटी फिरवली की ते एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात. म्हणजे तिथे कणांचा आकार बदलून घेतला, मग निवळणं जमलं.

प्रश्न : आम्ही संकेश्वरजवळचे, ऊस कारखान्याला घालतो. मुलाच्या पुस्तकात साखरेसाठी बाष्पीभवनापेक्षा स्फटिकीकरण चांगलं म्हटलंय, पण कारखान्यात तर रस आटवतातच की?

उत्तर : आटवतात, पण कोरडा होईपर्यंत नाही. साखर जास्त तापली की तपकिरी होते, पुढे करपते, शिवाय सगळं पाणी उडवलं तर रसात विरघळलेली घाण साखरेतच राहणार. म्हणून कारखान्यात आधी चुना घालून रस तापवतात आणि गाळ बसवून काढतात, मग रस घट्ट करून व्हॅक्यूम पॅनमध्ये घेतात. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे तो कमी तापमानाला उकळतो आणि साखर न करपता दाणे वाढतात, हेच स्फटिकीकरण. दाणे आणि मळी, म्हणजे दाणे न झालेला चिकट काळपट पाक, वेगळी करायला सेंट्रिफ्यूज, जोरात फिरवलं की मळी जाळीतून बाहेर, दाणे आत.

ज्या कारखान्यांना डिस्टिलरी आहे तिथे मळी आंबवून अल्कोहोल करतात. ते ७८ अंशाला उकळतं, पाणी १०० ला, फरक थोडा, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनात दोघं मिसळूनच येतात. तिथे भागशः ऊर्ध्वपातनाचा उंच कॉलम लागतो, म्हणजे वर चढताना वाफ पुन्हा पुन्हा थंड होऊन परत उकळते असा उंच नळा, आणि त्यानेही साधारण ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, उरलेलं पाणी काढायला वेगळी प्रक्रिया करावी लागते. पोराला एकदा गळीत हंगामात, परवानगी काढून, कारखाना आतून दाखवून आणा.